दोन बिल्ल्यांचा सरकारी कोट

मी कोट. काळा, लोकरीचा आणि सरकारी. सेंट मार्सेल बेटावर लोक नाताळातसुद्धा घाम पुसत फिरतात, आणि मी जन्मलो नेमका तिथेच. आमच्या बेटावर मला अंगात घालून कुणी फाटकापर्यंत जाऊन दाखवावं.

माझ्या जन्माची कथा अशी. आमचे एक राजदूत डोंगरातल्या एका राजधानीत आपलं अधिकारपत्र द्यायला सुती सुटात गेले. तिथल्या राष्ट्राध्यक्षांपुढे ते थंडीने असे लटलटा कापले, की दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ‘पाहुण्यांना भावना आवरल्या नाहीत.’ आमच्या मंत्रिमंडळाने ते वाचलं आणि कोट शिवायचं ठरलं. एकच.

म्हातारे ओनोरे शिंपी टेप गळ्यात अडकवून आले. “कुणाच्या अंगाचा शिवू?”

“जो जाईल त्याच्या,” सचिव म्हणाले.

“अहो, मग जाणाऱ्याला उभा करा ना माझ्यापुढे!”

“मिस्टर ओनोरे, तो दर निवडणुकीला बदलतो. तुम्ही शिवणीच्या आत भरपूर माया सोडा म्हणजे झालं.”

तेव्हापासून मी कधी उसवला जातो, कधी आत घेतला जातो. एका राजदूतांच्या पोटासाठी तर माझी शेवटची बोटभर मायासुद्धा खर्ची पडली होती. देवदयेने त्यांचा पक्ष पुढची निवडणूक हरला.

एवढ्याशा देशाने जगभर कचेऱ्या कुठे उघडत बसायच्या? आमचा खराखुरा दूतावास एकच आहे, तोही शेजारच्या पेती रोश या बेट-देशाबरोबर भागीत. खोली एक, टेबल एक, झेंडे दोन. बाकी ठिकाणी मानद वाणिज्यदूत नेमलेत. कुठे सिमेंटचा व्यापारी, तर त्या डोंगरातल्या राजधानीत एक दंतवैद्य. तिथला राजदूत राहतो आमच्या बेटावरच. काम निघालं की तो विमानात बसतो आणि मला बरोबर नेतो. एरवी मी परराष्ट्र खात्याच्या कपाटात नाताळच्या माळांशेजारी लटकतो. कसर लागू नये म्हणून खिशात वाळ्याची मुळं असतात. पेती रोशकडे तर कोटही नाही. त्यांचा कुणी थंडीच्या देशी निघाला की बोटीबरोबर निरोप येतो, “तुमचा कोट मोकळा आहे का?”

यंदा मी असाच त्यांच्याकडे गेलो होतो. त्याच सुमाराला एका मच्छीमार होडीचं इंजिन बंद पडलं आणि वाहत वाहत ती त्या डोंगराळ देशाच्या किनाऱ्याला लागली. आत तिघे. दोन आमचे, एक पेती रोशचा. चोरून मासे धरायला आले म्हणून तिघांनाही अटक झाली. दंतवैद्य डॉक्टर उरुतिया तुरुंगात जाऊन त्यांना संत्री देऊन आले, एकाची दाढही काढून आले, पण सरकारशी बोलायचा अधिकार त्यांना नव्हता. तो राजदूताचा. आणि आमची ती जागा रिकामी होती.

घाईघाईने मिस इस्मेन फेव्हरिए यांना नेमलं. निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज असा, की मंत्रीही त्यांच्यापुढे पाय जुळवून उभे राहत. बहुतेक सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

मला पेती रोशहून परत आणलं मा ल्युसेटने. तिथल्या बोटीच्या धक्क्यावर तळलेल्या पुऱ्या विकणारी बाई. ती इकडे येतच होती, म्हणून मला तिच्या हाती दिलं. आमच्याकडे सरकारी सामान असंच हलतं. तिच्या डोक्याच्या रुमालाला पेती रोशच्या झेंड्याचा बिल्ला टोचलेला होता. तिने मला मिस इस्मेनच्या ओसरीत खुर्चीवर टाकलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “तिसरा पोरगा माझा आहे. जेरोम. तुमच्या दोघांबरोबर त्याचंही नाव घ्या.”

मिस इस्मेन अवघडल्या. “मा ल्युसेट, मला फक्त आमच्या माणसांबद्दल बोलता येतं. तो तुमच्या सरकारने...”

“आमच्या सरकारचा तिथे दंतवैद्यसुद्धा नाही.”

“कायदा असा आहे, बाई.”

“होडी एकच होती ना? की तिलाही मधोमध रेघ मारली होती?”

 कोको ओतून आणते म्हणून मिस इस्मेन आत गेल्या. मा ल्युसेटने तेवढ्यात माझी कॉलर सारखी केली. कोको न पिताच ती बोटीला निघून गेली.

मिस इस्मेननी मला उलटा घडी करून बॅगेत घातलं. त्या राजधानीतली आमची मानद कचेरी म्हणजे डॉक्टर उरुतियांचा दवाखाना, त्यामुळे कपडे बदलायचे तिथेच. आरसा होता, पण दात बघायचा, वाटाण्याएवढा. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच “आ, आ,” म्हणाला. डॉक्टरांनी त्याचा अर्थ सांगितला, “छान दिसतंय म्हणतोय.” माझ्यावर ब्रश फिरवताना डॉक्टरांना कॉलरवरचा बिल्ला दिसलाही. पण दोन्ही झेंडे निळे-हिरवे, दोन्हींवर पक्षी. आमचा पाणकोळी, त्यांचा पोपट. डॉक्टर बिचारे कुठल्याच बेटावर कधी गेलेले नव्हते.

राजवाड्यात अध्यक्षांच्या दारापाशी शिष्टाचार अधिकाऱ्याने मात्र बरोबर हेरलं. तो कुजबुजला, “माफ करा, आपण नक्की कोणत्या देशाच्या?”

मिस इस्मेननी खाली पाहिलं. पोपट! आयुष्यभर मुलांच्या शर्टाची बटणं तपासलेली ही बाई. कान लाल झाले त्यांचे. हात बिल्ल्याकडे गेला आणि तिथेच थांबला.  मला भीती वाटली. अशा ठिकाणाहून माघारी पाठवलं, तर पुढची तारीख कधी मिळणार कोण जाणे, आणि तिघेही आतच राहिले असते.

त्यांनी पर्समधून आमचा पाणकोळी काढला आणि पोपटाच्या शेजारी लावला.

“सेंट मार्सेलची,” त्या म्हणाल्या. “चला.”

अधिकारपत्र देऊन झालं. अध्यक्षांची नजर माझ्या कॉलरवर गेली. “दोन का?”

“कोट आमच्या दोन बेटांत मिळून एक आहे, महोदय. तुमच्या तुरुंगात आमचे दोन मच्छीमार आहेत आणि त्यांच्या होडीतलाच एक पेती रोशचा. त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार माझ्या कागदावर नाही, हे मला माहीत आहे. पण त्याच्या देशाचं इथे जे काही आहे, ते एवढंच.” त्यांनी पोपटावर बोट ठेवलं. “दोघांना घेऊन गेले, तर धक्क्यावर त्याच्या आईला काय सांगू?”

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी बाजूच्या माणसाला विचारलं, “इंजिन खरंच बंद पडलं होतं?”

“हो, साहेब. अजूनही बंदच आहे.”

“मग तिघांना ठेवून काय करताय?”

तिघेही एकाच विमानाने परतले. मी बॅगेत होतो, पण जेरोमचं रडणं मला ऐकू आलं. आमच्या मंत्रिमंडळाने मिस इस्मेनना खरमरीत समज दिली, आणि पुढे दोन्ही सरकारांनी मुकाट्याने त्यांनाच दोघांची राजदूत केलं. बिल्ल्याचा ठपका पेती रोशच्या मंत्र्यांवर बसला. कोट परत देताना तो काढायला विसरले म्हणे.

मा ल्युसेट पुऱ्यांची टोपली घेऊन आली, तेव्हा तिचा रुमाल साध्या सेफ्टीपिनने बांधलेला होता. मिस इस्मेननी आधी तो पाहिला, मग मला.

“तुमचं काहीतरी माझ्याकडे राहिलंय, वाटतं.”

“माझं? छे! मंत्र्यांचं असेल. विसरभोळा आहे मेला.”

 मिस इस्मेननी टोपलीतली पुरी उचलून खाल्ली आणि मला तसाच कपाटात लावला.

आता मी थकलोय. कोपरं झिजलीत, आत माया उरलेली नाही, नव्या कोटाची बोलणी चालू आहेत. खुशाल शिवा. फक्त त्याला पहिल्यांदा शेजारी पाठवाल, तेव्हा परत आणायला मा ल्युसेटलाच सांगा. आणि तिने कॉलर सारखी केली, तर तुम्ही कोको आणायला आत जा.