सतराव्या क्रमांकाचे ठोके

क्लबच्या तेवीस धावपटूंचे ईसीजी एका सकाळी उरकायचे होते आणि मशीनवर मी एकटी. सतरावी भिंगरी, पाच हजार मीटर धावणारी. सगळे तिला याच नावाने ओळखत. ती क्लबचा हुकमी एक्का आहे, तिला लवकर मोकळी करा, असं प्रशिक्षक आल्याआल्याच बजावून गेले होते.

ती आडवी झाली. नजर सारखी दाराकडे. मी छातीवर इलेक्ट्रोड चिकटवले, हलू नकोस म्हणाले आणि कागद काढला. आलेख नितळ. ठोके मिनिटाला चौऱ्याऐंशी.

पुन्हा काढला. ब्याऐंशी. लांब पल्ल्याचे धावपटू इथे पडले की ठोके पन्नासच्या आसपास येतात. सकाळपासून तेच बघत होते. घाबरली असेल, असं स्वतःला समजावलं, पण चैन पडेना. शेवटी तिला मोजे काढायला लावले. पाय लोण्यासारखे. एकही नख काळं पडलेलं नाही.

"कधी बस पकडायला तरी धावली आहेस का गं?"

ती हसली आणि लगेच रडायला लागली. ती भिंगरीची थोरली बहीण होती, चेहरा तोच. रविवारी निवड होती, आणि गेल्या महिन्यात भिंगरी सरावात दोनदा बेशुद्ध पडली होती. ऊन लागलं, असं घरी सांगून मोकळी झाली. त्यांचा काकाही खेळता खेळताच गेला होता.

"ताई, तिचं वर्ष वाया जाईल हो."

"काकाचं वय किती होतं?"

थोरली उठली. मोजे हातात धरून अनवाणीच बाहेर गेली.

भिंगरी जिन्यातच बसली होती. तरातरा आली, माझ्याकडे न बघता आडवी झाली. "काढा एकदाचा."

ठोके सेहेचाळीस. पण छातीच्या डावीकडच्या रेषांत जी लाट वर उठायला हवी, ती खोल खाली वळत होती. मी तारा तपासल्या, इलेक्ट्रोड बदलले. तसंच.

"रविवारी धावू ना?"

"डॉक्टर बघेपर्यंत बस पकडायलासुद्धा नाही."

निदान करणं माझं काम नाही. मी शेरा लिहिला: दोनदा शुद्ध हरपली, काकाचा खेळताना मृत्यू, आजच पाहावे.

थोरली आपला कागद फाडायला निघाली होती. मी तो काढून घेतला, त्यावरचं भिंगरीचं नाव खोडलं आणि थोरलीला तिचं नाव विचारलं.

"माझं कशाला? मी कुठे धावते?"

"काका तुझाही होता ना."