दहाव्याचा कावळा

तळ्याकाठी पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना, तेव्हा उदयसिंहरावांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, दादाचा जीव शेतात अडकलाय. कुसुमावतीच्या कपाळाला आठी पडली. नवऱ्याचे दिवस अजून सरले नव्हते, तोवर या दिराने तीनदा शेताचा विषय काढला होता. वाघोडियाचे कारखाने पसरत पसरत त्यांच्या बांधाला येऊन टेकले होते आणि गिऱ्हाईक तयार होतं. पण पणजोबांनी गायकवाडी फौजेत चाकरी करून मिळवलेली ती काळी जमीन. नवरा प्रतापसिंहराव होते तोवर तिच्याबद्दल तोंड उघडायची उदयसिंहरावांची छाती झाली नव्हती.

तिला सुचेल ते सगळं तिने बोलून पाहिलं. बैल विकणार नाही म्हणाली. विहिरीचं बांधकाम पुरं करीन म्हणाली. तळ्यावरच्या कडुनिंबावर कावळे ओळीने बसले होते, माना वाकड्या करून खाली बघत होते, पण एकही जागचा हलला नाही. ऊन चढलं. बडोद्याहून आलेले पाहुणे मोबाइलात वेळ बघू लागले.

"वहिनी, खेतर विकते म्हणा," उदयसिंहराव म्हणाले. "मनापासून म्हणा. दादा ऐकतोय."

खरं तर कुसुमावतीला शेताहून नवरा प्यारा होता. त्याने खरोखरच मागितलं असतं, तर तिने तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. दहा दिवस त्याचा एक शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते. पण मेलेल्या माणसाची इच्छा नेमकी जिवंत दिराच्या सोयीची निघावी, हे काही तिच्या गळी उतरेना.

उदयसिंहराव तिच्यासाठी थांबले नाहीत. पुढे होऊन त्यांनी हात उंच केला.

"विकतो रे दादा, खेतर विकतो. ये, ये."

त्यासरशी आठ-दहा कावळे भराभर खाली उतरले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आला, आला म्हणून सगळे हात जोडू लागले. कुसुमावतीनेही हात जोडले. मग तिने नीट पाहिलं. भाताला एकानेही चोच लावली नव्हती. सगळे पिंड ओलांडून उदयसिंहरावांच्या पायाशी जमले होते आणि त्यांच्या हाताकडे बघत होते.

शेजारच्या शेताचे रावजीभाई भोळा माणूस. त्यांना भरूनच आलं.

"केटली लागणी छे भाईमां," भावाच्या पोटी केवढी ही माया, असं ते म्हणाले. मग ते जो ऐकेल त्याला सांगू लागले, की आठवडा झाला, उदयसिंहभाई रोज सकाळी इथे येतात, अशीच हाक मारतात आणि कावळ्यांना बेसनाचे गाठिया घालतात. असा भाऊ नशिबानेच मिळतो.

पुण्य म्हणून घालत होतो, असं उदयसिंहराव पुटपुटले. एक म्हातारे पाहुणे खोकले आणि तळ्याकडे बघू लागले.

कुसुमावतीला रडू कोसळलं. दिराने फसवलं याचा संताप होताच. पण क्षणभर का होईना, नवरा आला असं तिला वाटलं होतं आणि ते या माणसाने हिसकावून घेतलं, हे तिला जास्त लागलं. पदराने तोंड पुसून ती विधी सांगणाऱ्या वामनगुरुजींकडे वळली.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा आणि तोच शिववा," ती म्हणाली. "त्याला अजून कुणी गाठिया चारलेला नाही."