ज्याची जमीन कमी, त्यानं आधी बोलायचं

माय गेली त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी आमच्या गावचा बाजार, मजुरीला सुट्टी; म्हणून तिची बैठक त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात भरे. साल दोन हजार सतरा. अकोल्याच्या बाजूला सगळीकडे कपाशीवर बोंडअळी. एकट्यादुकट्यानं फवारून ती आटोक्यात येत नव्हती. साऱ्या शिवारानं मिळूनच काय ते ठरवायला हवं होतं.

"माह्या वावरात यंदा अळी नाही," बारा एकरवाल्या देवीदासभाऊंनी सुरुवात केली.

"भाऊ, तुमचा नंबर शेवटी," माय म्हणाली. "थोडा दम खा."

बायका हसल्या. मायच्या बैठकीत ज्याची जमीन कमी, तो आधी बोले. मोठा आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात आणि ज्यानं बोंड हातात धरलेलं असतं तोच गप्प राहतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पार्वताबाईंना जमीनच नाही. त्या लोकांचा कापूस वेचतात. त्या म्हणाल्या, "वीस बोंडं फोडली. अकरात अळी. देवीदासभाऊच्याच वावरात."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी कई विचारलं?"

अळीला पुढं खायला उरू नये म्हणून डिसेंबर संपायच्या आत सगळ्यांनी कपाशी उपटायची, असं ठरलं. देवीदासभाऊंनीही हात वर केला, जरा उशिरानं.

मी अमरावतीला एका संस्थेत अहवाल लिहिते. दोन वर्षं मी ही पद्धत ठिकठिकाणी मांडत होते. संध्याकाळी एसटीपर्यंत सोडायला आलेल्या मायनं विचारलं, "तुह्या अहवालात माहं नाव येते काय वं?"

"गावाचं येतं."

"मंग झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा ठेवताना, ती गेली.

जानेवारीत अमरावतीला परिसंवाद होता. हवामानबदलासारख्या अख्ख्या जगाच्या प्रश्नांवर हजारो माणसांनी एकत्र विचार कसा करायचा, हा विषय. मी बैठकीचा नियम सांगितला. मागच्या रांगांतली माणसंही लिहून घेऊ लागली. अध्यक्ष म्हणाले, "फार नेमकी रचना आहे. कुठल्या विद्यापीठाची?"

"माझ्या मायची," मी म्हणाले. "जयवंता सहदेव इंगळे. दोन एकर कोरडवाहू, शाळा चौथीपर्यंत. अहवालात मी तिचं नाव घातलं नाही. चौथी शिकलेल्या बाईचं नाव पाहून पुढचं पान कुणी उलटणार नाही, असं मला वाटलं. मी पुष्कळ वाचलंय, पुष्कळ माणसं ऐकलीत. तिच्याएवढं हुशार माणूस मला भेटलं नाही. हे तिला सांगायचं राहिलं."