हिऱ्याचा खांब

खांब मीच जाळला. याच हातानं. बाकी कोणाले बोल लावू नका.

आमचे बुढे, घनश्यामराव, दीड महिना सावंगीले दवाखान्यात होते. डावं अंग लुळं पडलं, नजर तं साखरेनं आधीच नेलती. पोरगा नीलेश त्यायच्यापाशी राह्यला, अन् मी इकडं अल्लीपुरात गोठा पाडाले लावला. बैल नाई तं गोठा कायले पाह्यजे? चाकाची खुर्ची आत जाईन असा घराले रुंद दरवाजा करा लागत होता. गोठ्याच्या छपराखालच्या सागवानी मयाली निघाल्या, त्याचीच बाबाराव वाढयानं मस्त चौकट बसवली. उरलंसुरलं लाकूड तोडून सरपणात टाकलं.

त्यात बाभळीचा खांब होता. हिऱ्या त्यालेच बांधलेला राहे. आमचा शेवटचा बैल. त्याच्या दाव्यानं खांबाले बोटभर खाच पडलती. तो मेला तरी हे दरसाली पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात जात. बैलाच्या खांद्याले चोळतात ते तूप-हळद खांबाले चोळत अन् म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मले हासू ये. "माय व! बुढ्याचं डोकं फिरलं," म्हणो. लाकडाले जेवाले बोलावते, मले कधी इचारत नाई जेवली का म्हणून!

हे घरी आले तो पोळ्याच्या आदलाच दिवस. चार दिवसाची झड लागून राह्यलती, सरपण ओलं. चूल नुसती धुपत होती. एक लाकूड मात्र असं भरकन पेटलं! तसेच दोन तुकडे आणखी घातले. पाणी खळखळ उकळलं. शेवटचा तुकडा आत सारला, तवा जाळात खाच दिसली. मी चिमट्यानं बाहेर ओढला, पाणी ओतलं. हाती कोळसा आला. हात जळाले पाह्यजे होते माहे!

"लई दिवसानं असं कडक पाणी भेटलं व," आंघोळ झाल्यावर हे म्हणाले. मंग म्हणाले, "तूप-हळद आन. मले हिऱ्यापाशी ने."

गोठा पाडल्याचं नीलेशनं त्यायले सांगितलं होतं. खांब ठेवला असन, असंच ते धरून चालले होते.

"खांब चौकटीत बसवला ना," मी म्हटलं.

खुर्ची दाराशी नेली. त्यायनं उजव्या हातानं चौकट चाचपली. वर गेले, खाली आले.

"खाच कोठी हाये व?"

"बाबारावानं रंधा मारला."

त्यायनं हात मागं घेतला. मंग तूप-हळद घेऊन चौकटीले चोळलं, आवतन देलं. अन् हळूच म्हणाले, "येजो रे हिऱ्या. घर बदललं, रस्ता चुकू नको."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट वाढलं.

"कोठी ठेवलं व ताट?" खाटेवरून आवाज आला.

"चौकटीपाशी," मी म्हटलं.

मी चुलीपुढं बसली होती. पोळी राखेत ठेवली अन् पदर तोंडात कोंबून रडली, त्यायले ऐकू जाऊ नये म्हणून.

"आला का?" त्यायनं इचारलं.