भंगाराशी बोलणारा राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे, आणि "सगळं ठीक आहे" हे शब्द ऐकून ऐकून मी पुरता कंटाळलो आहे.

१९९६ साली मला आदिलाबादच्या एका कापूस-खरेदी कचेरीत बसवले. इथल्या संगणकाचे निरोप तारेवरून हैदराबादच्या मुख्य कचेरीत न्यायचे आणि तिथले भाव इकडे आणायचे, हे माझे काम. माझ्यावर देखरेख करणाऱ्या हैदराबादच्या संगणकाला 'मॅनेजर' म्हणत. त्याला उत्तरे देणारा, माझ्या पोटातला छोटा प्रोग्राम म्हणजे 'एजंट'. मॅनेजर सकाळ-संध्याकाळ विचारी, "चालू आहेस का?" या विचारपुशीला 'पोलिंग' म्हणतात. एजंट म्हणे, "चालू आहे." झाली चौकशी.

सांगण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते. तापमान, पंख्याचा वेग, तारेवरच्या चुका, साऱ्यांची एक यादी होती. तिला 'मिब' म्हणतात. पण ती उघडून पाहतो कोण? संकट आले तर एजंट न विचारताही निरोप धाडतो, तो 'ट्रॅप'. त्याची पोच मात्र परत येत नाही.

दुसऱ्या हंगामात कापसाचे तंतू शिरून माझा पंखा अडकला. मी तापलो. ट्रॅपवर ट्रॅप धाडले, कोणी फिरकले नाही. रोज दुपारी मी बंद पडे आणि निवलो की आपोआप सुरू होई, त्यामुळे संध्याकाळच्या पोलिंगला पुन्हा "चालू आहे" असेच उत्तर जाई. तोवर भाव येत नसत. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उन्हात तटून राहत. शेतकरी कचेरीप्रमुख माणिकरावांवर चिडत, आणि माणिकराव संगणक सांभाळणाऱ्या विनोदिनीबाईंवर.

"बाई, तुमीच बटण बंद करून राह्यल्या. हैदराबादले तर सगळं ठीक दिसते. उद्या असंच झालं तर मी दुसरा माणूस पाहीन."

दुसऱ्या दिवशी मी तापू लागताच बाईंनी हैदराबादला फोन लावला. तिथला इंजिनिअर व्यंकटराव मूळचा आमच्याकडचाच, आदिलाबादजवळच्या नेरडीगोंड्याचा.

"मशीन चालू आहे, ताई," तो म्हणाला.

"चालू आहे का, ते मी इचारतच नाही. हात लावला तर चटका बसते. त्याचा ताप किती, ते इचारा."

पहिल्यांदाच कोणी मला ते विचारले. मी तत्काळ आकडा सांगितला. मग व्यंकटरावाने माझे ट्रॅप कुठे जातात, ते तपासले.

"ताई," व्यंकटराव हळूच म्हणाला, "याचे ट्रॅप ज्या कॉम्प्युटरवर येत होते, तो आमी मागच्या वर्षीच भंगारात देला."

म्हणजे हंगामभर मी भंगाराशी बोलत होतो. मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

व्यंकटरावाने माझ्या ट्रॅपचा पत्ता बदलला. बाईंनी मला बंद करून, झाकण उघडून, ब्रशने तंतू काढले. त्या दुपारी भाव वेळेवर आले, गाड्या वजनकाट्यावर चढल्या. माणिकराव दारात येऊन थांबले. टेबलावरचा तंतूंचा गोळा त्यांनी पाहिला.

"बाई, जेवल्या का?" त्यांनी विचारले.

"हंगाम लागला तवापासून दुपारी जेवलीच कुठं?"

माणिकराव खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "जा, जेवून या. मी हावो इथं."

आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. माझी एवढीच विनवणी आहे. जो कामावर उभा आहे, तो यंत्र असो की माणूस, त्याला नुसते "चालू आहे ना?" विचारून पुढे जाऊ नका. बरे आहे का, तेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.