मागे जाऊ दिलेला पाय

मी एक जुनी ट्रेडमिल आहे, मित्रांनो. चालणाऱ्याला जिथल्या तिथे ठेवणे हाच माझा जन्माचा उद्योग! कारखान्यातून निघाले ती अकलूजच्या एका बंगल्यात आले. सुरुवातीला माझे कोण कौतुक! पुढे मालकांचा उत्साह मावळला आणि माझ्या दांड्यांवर टॉवेल वाळू लागले. फार वाईट वाटायचे हो. शेवटी त्यांनी मला सोलापूरच्या एका फिजिओथेरपी केंद्राला देऊन टाकले.

तिथे बिरुदेव आला. मेंढपाळाचा तरणाबांड मुलगा. शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडताना झाडावरून पडला आणि पाठीला मार बसला. मणक्यातला मज्जारज्जू पुरता तुटला नव्हता, पण पाय त्याचे ऐकेनात. केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट महेश्वरी मॅडम त्याला छताला टांगलेल्या पट्ट्यांना अडकवून माझ्यावर उभा करत. मी हळूहळू फिरू लागले की पाय मागे सरके, आणि शेजारी बसलेली त्याची आई, म्हाळसाबाई, तो झटकन उचलून पुढे ठेवी.

"मागं ऱ्हायलेलं कोकरू पुढं घ्यावंच लागतं की," ती म्हणे. हात लावू नका असे मॅडम रोज बजावत. ती "व्हय, व्हय" म्हणे. पण मेंढरांमागे जन्म गेलेला, हात थांबणार कसे?

पाय काही हलेनात. एक दिवस वडील, ज्ञानबा, आले नि म्हणाले, "आता घरी न्हेतो. पोरगं चालायचं न्हाय." बिरुदेवने मान खाली घातली.

"काका, आज एकदाच बघू," मॅडम म्हणाल्या. "तळव्यावर भार पडू दे, मांडी मागे ताणली जाऊ दे. मग पायाचे स्नायूच मणक्याला कळवतात, आता पाय उचल. मावशी आधीच उचलतात, मग ते कळवणार काय?"

ज्ञानबांनी म्हाळसाबाईचे दोन्ही हात धरून ठेवले. मी फिरू लागले. पाय मागे गेला, आणखी मागे गेला.

"मोडंल वो त्येचा पाय!" ती किंचाळली.

मांडी ताणली, टाच उचलली, भार दुसऱ्या पायावर गेला, आणि तो पाय आपसूक पुढे आला! मी हबकलेच. असे पाऊल माझ्या अंगावर कधी पडले नव्हते.

"म्या न्हाय उचलला!" बिरुदेव डोळे फाडून ओरडला. "आईशप्पत, म्या न्हाय!"

पुन्हा पाय मागे गेला, पुन्हा पुढे आला. ज्ञानबांनी म्हाळसाबाईचे हात सोडले. "अजून लई दिस लागतील का?" त्यांनी विचारले.

"लागतील. कदाचित काठीही लागेल. पण मणका ऐकतोय," मॅडम म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ दे त्येला हितंच."

म्हाळसाबाई मात्र आपल्या तळहातांकडे बघत होती. "म्हंजी इतकं दिस मीच आडवत हुते?"

मित्रांनो, पडणाऱ्याला जरूर सावरा, पण त्याचे पाऊल त्याला टाकू द्या. मला बंद केले तरी ती माउली हात पदरात गुंडाळून तशीच बसली होती. लेकाच्या पायांना हात लावायची तिला भीती वाटत होती.