खाचांमधलं मेण

गॉर्डन टॉलेफसनने पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला आणि वर आलेल्या बाजूवर अंगठा टेकवला. वीस बाजूंचा जुना फासा, कडा झिजून गोल झालेल्या. अंगठ्याला आधी एक उभी रेघ लागली, मग तिच्या शेजारी त्रिकोण आणि त्याची शेपटी.

"चौदा," तो म्हणाला. "राक्षसाचा सोटा तुझ्या ढालीला घासून गेला. वाचलास, लाइल."

"वाचतोच मी," लाइल ओस्टबी म्हणाला. त्याच्या तोंडात सॉसेजचा तुकडा होता. "गेलं वर्षभर वाचतोय. माझ्या गोठ्यात यापेक्षा जास्त धोका आहे."

कर्टिस हसला. बेव्हर्ली क्रूगर हसली नाही. तिने आपल्या पात्राच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी खोडलं आणि म्हणाली, "त्यासाठीच तर आजचा खटाटोप आहे."

खटाटोप असा होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फाशांच्या जोरावर त्याची गोष्ट पुढे न्यायची, अशा या खेळाची जुनी आवृत्ती या टेबलावर अडतीस वर्षं चालत आली होती. गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा सूत्रधार गॉर्डन, खेळ गॉर्डनच्या घरी, रविवारी दुपारी दोनला. रस्त्यावर गुडघाभर बर्फ असला तरी. पण वर्षभरात एकाही पात्राचा जीव गेला नव्हता, आणि बेव्हने तीन रविवारांपूर्वी सरळ विषय काढला होता. मरणाची भीती नसलेला जुना खेळ खेळण्यापेक्षा नवी आवृत्ती काय वाईट? निदान तिच्यात करण्यासारखं पुष्कळ आहे. कर्टिस पोस्टात होता, चव्वेचाळीस वर्षांचा, आणि त्याच्याकडे नवी पुस्तकं कधीची पडून होती. मग ठरलं. आज एक लढाई नव्या नियमांनी, एक जुन्या नियमांनी, दोन्ही वेळा सूत्रधार गॉर्डनच, आणि शेवटी तिघांचं मत. बहुमत होईल ती आवृत्ती.

गॉर्डन हो म्हणाला होता. नाही म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं कारण त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

त्याला दिसत नव्हतं. म्हणजे अगदी काळोख नव्हे. पण तो ज्याच्याकडे बघेल, नेमकं तेच नाहीसं व्हायचं. माणसाकडे बघितलं की चेहरा जाई आणि कान उरत. पानाकडे बघितलं की कडेची पांढरी पट्टी दिसे आणि मध्ये राखाडी डाग. जुनी आवृत्ती त्याच्या डोक्यात होती, एकूण एक तक्ता, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितला असता. फाशांचे आकडे अंगठ्याने कळत. जन्म गेला होता शाळेच्या बसगाड्यांखाली आडवं पडून नटबोल्ट चाचपण्यात, तेव्हा अंगठा तयार होता. कर्टिसचं नवं पुस्तक मात्र त्याने तीन आठवडे भिंग घेऊन वाचायचा प्रयत्न केला आणि अकरा पानांवर हात टेकले. आज नवी आवृत्ती जिंकली तर ही खुर्ची गेली. आणि एकाहत्तराव्या वर्षी, एकट्याच्या घरात, रविवार गेल्यावर आठवड्यात उरतं काय?

"माझी पाळी," कर्टिस म्हणाला. "मी बाण मारतो. राक्षसाचं चिलखत किती?"

"दोन," गॉर्डन म्हणाला.



"दोन?" कर्टिस म्हणाला. "अहो, नव्या आवृत्तीत आकडा जितका मोठा तितकं चिलखत भक्कम. दोन म्हणजे तुमच्या राक्षसाला माझी आजीसुद्धा उशी फेकून मारेल."

गॉर्डनची कानशिलं तापली. जुन्यात उलटं होतं, आकडा लहान तितकं चिलखत भारी. अडतीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

"आंघोळीहून आलाय बिचारा," तो म्हणाला. "अंगावर काही नाही त्याच्या."

लाइल खदखदून हसला. पण कर्टिस सोडणाऱ्यातला नव्हता. त्याने जाडजूड पुस्तक उघडलं, एका पानावर दोनदा बोट आपटलं आणि ते आडोशाच्या कडेने गॉर्डनकडे सरकवलं.

"हे बघा, चिलखतांचा तक्ता. वाचा तुम्हीच. नंतर म्हणायला नको की कर्टिसने मनाचं सांगितलं."

पुस्तक नवं होतं, बांधणी ताठ. सरकता सरकता पानं आपली आपण उलटली आणि भलतंच पान वर आलं. किती माणसांना किती दिवस कोणता शिधा लागतो, त्याचा तक्ता होता तो. गॉर्डनला ते कळायचं काही कारण नव्हतं. त्याने मान खाली घातली, बोट पानावरून सावकाश खाली नेलं आणि मध्येच थांबवलं.

"बरं," तो म्हणाला. "सोळा. लिहा सोळा."

बेव्ह त्याच्या उजव्या हाताला बसली होती. तिची पेन्सिल कागदावर चालत होती ती थांबली. गॉर्डनला तो आवाज थांबल्याचं ऐकू आलं. तिचं तोंड तो बघू शकत नव्हता, म्हणून त्याने भिंतीकडे बघितलं. तसं केलं की ती कडेला थोडीशी दिसायची. ती पुस्तकाकडे बघत होती. मग ती त्याच्याकडे बघत होती.

आता बोलेल, असं त्याला वाटलं. बेव्हची जीभ सबंध तालुक्याला माहीत होती. सरकारी कचेरीत तीस वर्षं तिने लोकांच्या अर्जांतल्या चुका भर गर्दीत मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या.

"सोळा बरोबर आहे," बेव्ह म्हणाली आणि हात लांब करून पुस्तक मिटलं. "चला, मार तुझा बाण."

राक्षस चार फेऱ्यांत मेला. मग जरा थांबले. लाइलने चीजचे गोळे गरम करून आणले, सॉसेजची बशी फिरली, प्रत्येक तुकड्याला टूथपिक टोचलेली. गॉर्डनने काही खाल्लं नाही. बेव्हने बशीतली एक टूथपिक उचलली आणि मांडीवरच्या रुमालात काहीतरी खरवडत बसली. बारीक, एकसारखा आवाज येत होता.

"आता जुनी," कर्टिस म्हणाला. "पण एक सांगतो, राग मानू नका. आडोसा काढायचा. आज सगळे फासे उघड्यावर."

"का रे?" लाइलने विचारलं.

"का म्हणजे? वर्षभर कुणी मरत नाही. तुम्हाला नाही वाटत, कुणीतरी आकडे गोड करून सांगतंय?"

अपमान होता तो. आणि खरा होता. गॉर्डनने वर्षभर कुणालाही मरू दिलं नव्हतं, कारण मरणाचा फासा या घरात त्याला वाचावा लागे. पहिल्या वर्षापासूनचा रिवाज होता. पात्राचे प्राण शून्यावर आले की खेळणाऱ्याने आपला स्वतःचा फासा उघड्या लाकडावर टाकायचा. अकरा किंवा वर आला तर जगला, खाली आला तर गेला. आणि तो आकडा सूत्रधारानेच बोलायचा, तोवर बाकी कुणी चकार शब्द काढायचा नाही. स्वतःच्या फाशांचं तो बघून घेई. पण बेव्हचे फासे! ती दर नाताळात त्यांच्या खाचांत लाल मेणाचा खडू घासून भरायची, वरून कापडाने पुसून अगदी सपाट करायची. त्यावर अंगठा फिरवला काय आणि काचेवर फिरवला काय, सारखंच.

"काढा आडोसा," गॉर्डन म्हणाला.

दुसरी लढाई पुलावर झाली. जुन्या नियमांत गॉर्डनचा आवाज आपोआप मोठा झाला. तक्ते ओठावर होते, कुठे अडायचं काम नव्हतं. प्रत्येक फाशावर तो अंगठा टेकवी आणि आकडा बोले. त्याची जुनी लकब म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या फेरीत बेव्हचं पात्र थोरा, कुऱ्हाडवाली बुटकी, पुलाच्या मधोमध एकटी उभी राहिली.

"मागे ये, बेव्ह," गॉर्डन म्हणाला. "तिचे प्राण सातच उरलेत."

"थोरा मागे येत नाही."

"अगं, एकतीस वर्षं जगवलीस तिला."

"म्हणूनच. टाक फासा."

त्याने टाकला. अंगठ्याला एकोणीस लागला. सगळ्यांना दिसत होता, गोड करायची सोय नव्हती. मग घावाचा फासा टाकला. आठ.

"पडली," लाइल हळूच म्हणाला.

बेव्हने रुमालातून आपला पांढरा फासा काढला आणि टेबलावर टाकला. तो घरंगळत जाऊन गॉर्डनच्या मनगटापाशी थांबला. घर तापवायची भट्टी चालू झाल्याचा आवाज तळघरातून आला.

गॉर्डनने हात पुढे नेला. आता संपलं, त्याने मनात म्हटलं. अंगठा सपाट मेणावर ठेवायचा आणि मग काहीतरी ठोकून द्यायचं, आणि तिघांच्या तीन जोड्या डोळ्यांदेखत चुकायचं.

अंगठा टेकला. खाली खाच होती. रिकामी, खोल, धारदार. आडवी रेघ, तिच्या टोकाला खाली उतरणारी तिरकी रेघ. बस्स.

"अहो, सांगा ना," कर्टिस पुढे वाकला. "मला तर धड दिसत नाहीये यावर. रंग कुठे गेला याचा? सात आहे की सतरा?"

सतरा म्हटलं असतं तर थोरा जगली असती. पांढऱ्यावर पांढरा आकडा कुणाला एवढ्यात दिसला नसता. गॉर्डनने अंगठा पुन्हा एकदा फिरवला. अलीकडे उभी रेघ नव्हती.

"सात," तो म्हणाला. "थोरा गेली."

बेव्हने फासा उजेडात धरला.

"सातच," ती म्हणाली. "बरोबर वाचलास."

तिने पात्राचा कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला. लाइलने तिच्याकडे सॉसेजची बशी सरकवली, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"घ्या मतं," ती म्हणाली.

"नवी," कर्टिस म्हणाला. "उघड आहे. नवीत थोराला तीन तीन संधी मिळाल्या असत्या."

"मी आपला जुनी," लाइल म्हणाला. "या वयात नवीन शिकायला सांगू नका. मी अजून दूध काढायच्या नव्या यंत्राशी भांडतोय."

"एकास एक," कर्टिस म्हणाला. "म्हणजे झालंच. बेव्ह?"

"जुनी."

"काय?" कर्टिस खुर्चीतून अर्धा उठला. "अगं, तूच तर उकरून काढलंस हे सगळं! आणि आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, त्या जुनीनेच तुझी थोरा खाल्ली!"

"मग? मेली ना एकदाची कुणीतरी? हेच तर मागत होते मी." ती चष्मा पुसायला लागली. "आणि नव्या पुस्तकाची अक्षरं फार बारीक आहेत. मला वाचवत नाहीत."

"तुला? तू रस्त्यापलीकडून गाडीचा नंबर वाचतेस!"

"वाचत होते. आता नाही वाचत. वय झालं, कर्टिस, तुझंही होईल. ने तुझं पुस्तक."

कर्टिस कुरकुरत कोट घालून निघाला. लाइल त्याच्यामागे गेला, जाताना उरलेलं चीज कागदात बांधून घेऊन. बेव्ह दारात बुटांचे बंद बांधत बराच वेळ वाकून राहिली.

गॉर्डन टेबल पुसायला लागला. तिच्या खुर्चीसमोर त्याच्या बोटांना बारीक चुरा लागला. ब्रेडचा नव्हता. त्याने दोन बोटांत चोळला, तर तो मऊ होऊन चिकटला. शेजारी तीन मोडक्या टूथपिक होत्या आणि तिची फाशांची थैली होती. त्याने थैली उघडून एकेक फासा अंगठ्याखाली घेतला. सातही फासे खरवडलेले होते.

"बेव्ह, तुझी थैली राहिली."

"राहू दे तिथेच. पुढच्या रविवारी लागेलच. नवं पात्र करायचंय मला. तू सांग, मी लिहीन." ती उभी राहिली. "आणि ऐक. गुरुवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेय. लांबचा रस्ता आहे, एकटीला कंटाळा येतो. चल सोबत."

"तुझे डोळे चांगले आहेत, बेव्ह."

"मग तुझे दाखवू. घेतलेली वेळ फुकट का घालवायची?"

गॉर्डनने दाराकडे बघितलं. तिचा चेहरा नेहमीसारखा नाहीसा झाला. टोपी दिसत होती, कोटाची बाही दिसत होती, आणि दारावर ठेवलेला हात. त्याने लाल चुरा बशीत झटकला.

"किती वाजता?" त्याने विचारलं.